मेहबूब खान : शाळा कमी, पण चित्राची भाषा पक्की

चित्रपट म्हटला की आपल्या समाजात दोनच मतं ऐकू येतात. काही म्हणतात, हा सगळा तमाशा, मुलांना लांब ठेवा. काही म्हणतात, करमणूक आहे, बघा आणि विसरून जा. मरहूम मेहबूब खान यांच्याकडे पाहिलं की आम्हाला तिसरीच गोष्ट दिसते. पडद्यावरचं चित्र ही एक भाषा आहे आणि ती वाचता आली पाहिजे.

गुजरातमधल्या बिलिमोऱ्याचा हा मुलगा. शालेय तालीम नावापुरतीच. मूकपटांच्या जमान्यात मुंबईला आला आणि इंपीरियल कंपनीत किरकोळ कामं करू लागला. अलिबाबाच्या 1927 च्या चित्रपटात तो चाळीस चोरांपैकी एक होता! पण सेटवर उभं राहून त्याने काम डोळ्यांनी टिपलं. 1935 मध्ये सागर मूव्हीटोनने त्याला ‘अल हिलाल’चं दिग्दर्शन दिलं. तिथेच फरदून इराणी हे पारशी छायालेखक भेटले आणि ही जोडी पुढे अनेक वर्षं टिकली.

मेहबूब साहेब नमाजी माणूस. तरी त्यांच्या कंपनीचं चिन्ह होतं विळा आणि हातोडा. कष्टकऱ्यांची बाजू त्यांनी कधी सोडली नाही. 1940 मध्ये त्यांनी ‘औरत’ काढला. सावकाराच्या कर्जात बुडालेल्या शेतकरी बाईची ही गोष्ट, कृष्णधवल. तीच गोष्ट त्यांनी 17 वर्षांनी ‘मदर इंडिया’ म्हणून परत सांगितली. दोन्हींत छायालेखक इराणीच, सावकारही कन्हैयालालच. पण मधल्या काळात देश स्वतंत्र झाला होता आणि हातात रंग आला होता. 1952 च्या ‘आन’साठी त्यांनी 16 मिलिमीटरच्या रंगीत फिल्मवर चित्रण करून ते टेक्निकलरमध्ये मोठं करून घेतलं होतं. तो अनुभव इथे कामी आला.

आता ‘मदर इंडिया’ नीट बघा. सुरुवातीलाच म्हातारी राधा मातीचं ढेकूळ चेहऱ्याशी नेते. सुरकुत्या आणि माती एकाच चौकटीत. एक शब्द न बोलता कळतं की ही बाई आणि ही जमीन वेगळी नाही. गळ्यातल्या हाराच्या वासाने ती लग्नाच्या दिवसात जाते, आणि कथा मागे वळते. पुढे खांद्यावर नांगर घेतलेली नर्गिस आणि मागे मोकळं आभाळ. कर्जबाजारी बाई पडद्यावर डोंगराएवढी दिसते. एका गाण्यात गावकरी अशा रचनेत उभे राहतात की वरून फाळणीपूर्वीच्या हिंदुस्थानचा नकाशा दिसतो. शेवटी आईच्या गोळीने पोरगा मरतो आणि कालव्याचं पाणी क्षणभर लाल वाहतं. शेतात पाणी आलं, पण कोणत्या किमतीला, हे त्या एका रंगाने सांगितलं.

आणि हे घडवलं कोणी? मुसलमान दिग्दर्शक, पारशी छायालेखक, लखनौचे नौशाद, आणि फातिमा रशीद म्हणजे आपली नर्गिस. या सगळ्यांनी मिळून एका हिंदू शेतकरीण राधेला साऱ्या देशाची आई केलं. ऑस्करच्या परदेशी चित्रपटांच्या विभागात नामांकन मिळालेला हा पहिला भारतीय चित्रपट.

हे आज सांगायचं कारण आहे. तीच साधनं आज उलटही वापरली जातात. डोक्यावर टोपी, डोळ्यांत सुरमा, अंधारी गल्ली, मागून अजानचा आवाज. संवाद सुरू व्हायच्या आधीच प्रेक्षकाचं मत तयार! आपली मुलं हे रोज मोबाईलवर बघतात. बंदी घालून भागत नाही. धड्याखाली जसे प्रश्न असतात, तसे त्यांना विचारायला शिकवू या : कॅमेरा कुठे ठेवला? उजेड कोणाच्या चेहऱ्यावर पाडला? आवाज नेमका कधी आला? ज्याला हे विचारता येतं, त्याला कोणी सहज फसवू शकत नाही. हेही इल्मच आहे.

28 मे 1964 रोजी, नेहरूंच्या निधनाच्या दुसऱ्याच दिवशी, मेहबूब साहेब गेले. वांद्र्यातला त्यांचा स्टुडिओ त्यांचं नाव घेऊन आजही उभा आहे. अल्लाह त्यांची मगफिरत करो.