आपल्या किनाऱ्याचा जुना साक्षी : डॉ. गार्सिया द ओर्ता

जुहूच्या वाळूवर आम्ही एकदां वर्गासह फिरावयास गेलों असतां एका विद्यार्थ्यानें आम्हांस प्रश्न केला कीं, हीं उंच घरें व हे रस्ते येथें नव्हते तेव्हां येथें कोणतीं झाडें होतीं ? प्रश्न साधा होता. परंतु त्याचें उत्तर आम्हांस तेथल्या तेथें देतां आलें नाहीं. जुहू हें पूर्वीं साष्टीच्या पश्चिमेस एक निराळें बेट होतें, समुद्राच्या पाण्याहून जेमतेम एकदोन मीटर उंच असा तो वाळूचा चिंचोळा पट्टा होता, ओहोटीच्या वेळीं तेथें पायीं जातां येई, आणि भंडारी, आगरी, कुणबी व कोळी लोकांची तेथें वस्ती होती, एवढें आम्हांस ठाऊक होतें. वृक्षांविषयीं मात्र खात्रीनें सांगावें असें आमच्यापाशीं फारसें कांहीं नव्हतें.

घरीं येऊन आम्ही ह्या गोष्टीचा विचार करूं लागलों. तुटून गेलेलें रान पुन्हा डोळ्यांपुढें उभें करावयाचें, तर त्यास साधनें चार आहेत : जुने लेख, जुने नकाशे, गांवांचीं नांवें, आणि उरलेलें रान. ह्यांपैकीं पहिल्या साधनाचा शोध करतांना आम्हांस ज्या गृहस्थांचें चरित्र वाचावें लागलें, ते पोर्तुगीज वैद्य डॉ. गार्सिया द ओर्ता होत. त्यांचें नांव इतिहासाच्या पुस्तकांतून येतें. परंतु त्यांचा आपल्या ह्या किनाऱ्याशीं किती निकटचा संबंध होता, हें आमच्या विद्यार्थ्यांपैकीं थोड्यांसच ठाऊक असेल. म्हणून तें चरित्र येथें संक्षेपानें सांगण्याचें योजिलें आहे.

ओर्ता ह्यांचा जन्म इ. स. १५०१ च्या सुमारास पोर्तुगालांतील कास्तेलो द व्हिद ह्या गांवीं झाला. त्यांचे आईबाप मूळचे स्पेनमधील यहुदी. इ. स. १४९२ मध्यें स्पेनच्या राजानें यहुदी लोकांस देशाबाहेर घालविलें, तेव्हां तें कुटुंब पोर्तुगालांत आश्रयास आलें. तेथेंही इ. स. १४९७ मध्यें सर्व यहुद्यांस बळजबरीनें ख्रिस्ती करण्यांत आलें. अशा लोकांस नवे ख्रिस्ती म्हणत, आणि त्यांजवर जन्मभर संशयाची नजर ठेवीत. बळानें दिलेला धर्म हा धर्मच नव्हे, हें आम्हां ख्रिस्ती लोकांस कबूल केलेंच पाहिजे. ओर्ता ह्यांच्या आयुष्याचा आरंभ ह्या छायेखालीं झाला, व शेवटही तीच छाया गडद करून गेली.

बाप सुस्थितींतील व्यापारी असल्यामुळें मुलास स्पेनांतील सालामांका व आल्काला येथील विद्यापीठांत शिकावयास मिळालें. वैद्यकाची पदवी घेऊन ते परत आले, कांहीं काळ आपल्या गांवीं त्यांनीं वैद्यकी केली, आणि पुढें लिस्बनच्या विद्यापीठांत ते अध्यापक झाले. मान होता, वेतन होतें. परंतु त्या देशांत नव्या ख्रिस्ती लोकांस दिवसेंदिवस निर्भय राहणें कठीण होऊं लागलें होतें. ता. १२ मार्च १५३४ रोजीं मार्तिं आफोंसो द सोझा ह्या सेनापतीच्या आरमाराबरोबर त्याचे वैद्य म्हणून ओर्ता हिंदुस्थानाकडे निघाले, आणि त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत गोव्यास पोहोंचले. पुन्हा त्यांनीं आपली मायभूमि पाहिली नाहीं.

ह्याच वर्षाच्या अखेरीस गुजराथचा सुलतान बहादूरशहा ह्यानें वसई व तिच्या ताब्यांतील साष्टी, मुंबई वगैरे मुलूख पोर्तुगीजांस तोडून दिला. ओर्ता हे सेनापतीबरोबर ह्या बाजूस आले होते. त्यामुळें हा किनारा पोर्तुगीज अमलाखालीं आला त्या आरंभाच्या दिवसांतच त्यांनीं तो आपल्या डोळ्यांनीं पाहिला. साष्टींतील कान्हेरीचीं लेणीं आणि घारापुरीचीं लेणीं ह्यांचें वर्णन त्यांच्या ग्रंथांत आलें आहे.

पुढें ते गोव्यास स्थायिक झाले. राजप्रतिनिधींपासून दरिद्री रोग्यांपर्यंत सर्वांस त्यांचें औषध चाले. अहमदनगरचा बुऱ्हाण निजामशहा हा त्यांचा मोठा चाहता होता. त्याच्या दरबारीं ते वेळोवेळीं जात, तेथील मुसलमान हकिमांशीं वाद करीत, आणि शहापासून रोगांचीं व औषधांचीं अरबी नांवें शिकून घेत. हिंदू वैद्यांसही ते विचारीत. जेथें स्थानिक वैद्याचा गुण अधिक दिसला तेथें त्यांनीं तो मोकळ्या मनानें मान्य केला आहे. त्या काळच्या युरोपीय विद्वानांत ही वृत्ति सहसा आढळत नसे. इ. स. १५४३ मध्यें गोव्यांत महामारीची सांथ आली, तेव्हां त्यांनीं मृत देहाची चिरफाड करून त्या रोगाचें कारण शोधण्याचा यत्न केला होता.

इ. स. १५५४ च्या सुमारास मुंबई बेट त्यांस सरकारांतून कायम पट्ट्यानें मिळालें. आज जेथें कोट्यवधि रुपयांस एक हात जमीन मिळत नाहीं, तें सारें बेट एका वैद्याकडे खंडानें होतें ! त्यांचा वाडा जेथें होता, तेथेंच पुढें इंग्रजांचा किल्ला झाला, असें इतिहासकार सांगतात. ह्या बेटावरील आपल्या एका आंब्याच्या झाडाची गोष्ट त्यांनीं मोठ्या कौतुकानें लिहिली आहे. तें झाड वर्षांतून दोन वेळां फळे : एक बहर मेच्या अखेरीस, व दुसरा भलत्याच ऋतूंत. साडेचारशें वर्षांपूर्वींच्या मुंबईंतील एका विशिष्ट झाडाची अशी प्रत्यक्ष मालकानें दिलेली साक्ष आपल्यास मिळावी, हें आपलें भाग्यच म्हणावयाचें.

ता. १० एप्रिल १५६३ रोजीं गोव्यांत त्यांचा ग्रंथ छापून निघाला. हिंदुस्थानांत छापखाना येऊन त्या वेळीं अवघीं सात वर्षें झालीं होतीं. छपाई इतकी सदोष कीं शुद्धिपत्रच पुष्कळ पानांचें जोडावें लागलें. ग्रंथ लॅटिनमध्यें न लिहितां त्यांनीं आपल्या मातृभाषेंत, पोर्तुगीजमध्यें लिहिला, आणि त्याची रचना संवादाची केली. सालामांकाहून नुकताच आलेला रुआनो नांवाचा एक कल्पित वैद्य प्रश्न विचारतो. तो प्राचीन ग्रीक पंडितांच्या पोथ्यांवर पूर्ण विश्वास ठेवणारा आहे. ओर्ता त्यास उत्तर देतात, आणि वाद वाढला कीं दासीकडून बागेंतील फांदी किंवा फळच आणवून त्याच्यापुढें ठेवितात. पोथी एक सांगते आणि झाड दुसरें सांगतें, तर झाडाचें खरें मानावें, हा त्या सर्व ग्रंथाचा मथितार्थ आहे. स्वतः पाहिलेलें कोणतें आणि दुसऱ्याकडून ऐकलेलें कोणतें, हा भेद ते ठेवितात. म्हणूनच त्यांची साक्ष आज उपयोगी पडते.

आतां आमच्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाकडे वळूं. ह्या ग्रंथांत आपल्या ओळखीचीं झाडें पुष्कळ भेटतात. माडाचें प्रकरण तर जुहूच्या कोणत्याही भंडाऱ्यास आपल्या घरचें वाटेल : माडाची ताडी, खोबरें, तेल, काथ्याचे दोर, सर्व कांहीं त्यांत आहे, आणि झाडाचें व फळाचें नांव दिलें आहे तें आपल्या माड व नारळ ह्या शब्दांशीं मिळतें. ह्याशिवाय आंबा, फणस, जांभूळ, चिंच, कोकम, सुपारी, कडूनिंब, निर्गुंडी आणि पारिजातक हींही आहेत. काताचें प्रकरण लिहितांना त्यांनीं वसई व दमण ह्या बाजूचा उल्लेख केला आहे. त्यावरून आपल्या उत्तरेकडील रानांत त्या वेळीं खैर होता हें समजतें.

परंतु येथेंच सावध राहिलें पाहिजे. ओर्ता हे वैद्य होते, रानाचे मोजणीदार नव्हते. जें झाड औषधास, जेवणास किंवा व्यापारास उपयोगी, त्याचीच त्यांनीं नोंद केली. एखादें झाड त्यांच्या ग्रंथांत नाहीं म्हणून तें रानांत नव्हतें, असें म्हणतां येणार नाहीं. मात्र कधीं कधीं मौनही बोलकें असतें. काजूचेंच उदाहरण घ्या. आज कोंकण व गोवें ह्यांची कल्पना काजूवांचून करवत नाहीं. पण ओर्ता ह्यांच्या ग्रंथांत काजू नाहीं. पुढें पंधरा वर्षांनीं, इ. स. १५७८ मध्यें, क्रिस्तोवां द कोस्ता ह्या दुसऱ्या वैद्याच्या ग्रंथांत हिंदुस्थानांतील काजूचें वर्णन येतें. ब्राझीलचें हें झाड त्या सुमारास आपल्या किनाऱ्यावर नवें नवें आलें असावें, असें विद्वान ह्यावरून अनुमान करतात.

एका साक्षीवर निवाडा करूं नये, हा नियम येथेंही लागू पडतो. म्हणून दुसरी साक्ष गांवांच्या नांवांची घ्यावी. मुंबईंत चिंचपोकळी, उमरखाडी, फणसवाडी, ताडवाडी, वडाळा हीं नांवें झाडांवरून पडलीं असें समजतात; आपल्या उपनगरांत बोरिवलीचें नांव बोरींवरून सांगतात. अर्थात् एकाच मोठ्या वडावरूनही गांवास नांव पडूं शकतें. नांव हें रानाची खूण आहे, रानाचें माप नव्हे. तिसरी साक्ष पुढील अभ्यासकांची. थिओडोर कुक ह्यांनीं मुंबई इलाख्यांतील वनस्पतींचा ग्रंथ इ. स. १९०१ ते १९०८ ह्या काळांत प्रसिद्ध केला. त्यांत कोणतें झाड कोठें आढळलें हें दिलें आहे. चौथी साक्ष बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानाची. शंभराहून अधिक चौरस किलोमीटरांच्या त्या रानांत साग, ऐन, खैर व पळस आजही उभे आहेत, आणि त्यांच्या मध्यभागीं ओर्ता ह्यांनीं वर्णिलेलीं कान्हेरीचीं लेणीं आहेत.

ह्या साऱ्या साक्षी एका नकाशावर मांडल्या म्हणजे चित्र हळूहळू उमटूं लागतें. जुन्या नकाशावरून आधीं खाडी, खारवट, वाळू व डोंगर हे भाग रंगवावे, आणि मग ज्या भागास जें झाड मानवतें तें तेथें लिहावें. खाडीच्या चिखलांत तिवरें. वाळूवर मर्यादवेल व केवडा. मनुष्यवस्तीजवळ माड, ताड, आंबा व चिंच. आणि पूर्वेच्या डोंगरांवर साग, ऐन व खैर. जें सिद्ध आहे तें शाईनें लिहावें, आणि जें अनुमान आहे तें शिसपेन्सिलीनें. जुहू हें वाळूचें बेट असल्यामुळें तेथें घनदाट अरण्य कधीं नसावें. समुद्राकडे वाळूवरचीं झुडपें व माड, आणि खाडीकडे तिवरांची हिरवी भिंत, असें त्याचें जुनें रूप आम्हांस दिसतें. हें आम्हीं शिसपेन्सिलीनेंच लिहिलें आहे.

हा नुसता पंडितांचा खेळ नव्हे. आम्हीं स्वतः कित्येक वर्षें वृक्षारोपणाच्या दिवशीं मुलांकडून गुलमोहर लावून घेतला, आणि तें ह्या भूमीचें झाड आहे अशीच आमची समजूत होती. वास्तविक गुलमोहर मादागास्करचा, आणि किनाऱ्यावरील सुरूही परदेशांतून आणून लावलेला. पाहुण्यांचा आम्ही द्वेष करीत नाहीं. परंतु घरचीं माणसें कोण होतीं हेंच विसरलें, तर त्यांस परत बोलावणार कोण? तिवरें हीं निरुपयोगी झुडपें समजून तोडलीं गेलीं, तेव्हां लाटांच्या माऱ्यापासून किनाऱ्यास जपणारा पहारेकरीच आपण दवडला.

ओर्ता ह्यांच्या चरित्राचा शेवट सांगावयाचा राहिला आहे, आणि तो सांगतांना लेखणी अडखळते. इ. स. १५६० मध्यें गोव्यांत धर्मन्यायसभा स्थापन झाली होती. इ. स. १५६८ मध्यें ओर्ता वारले. दुसऱ्याच वर्षीं त्यांची बहीण कातारिना हिजवर गुप्तपणें यहुदी धर्म पाळल्याचा आरोप शाबीत धरून तिला जिवंत जाळण्यांत आलें. ओर्ता स्वतः मरून सुटले होते. पण न्यायसभेचें समाधान झालें नाहीं. इ. स. १५८० मध्यें त्यांच्या अस्थि थडग्यांतून उकरून काढून जाळण्यांत आल्या. ज्या प्रभूनें शत्रूंवरही प्रीति करावयास शिकविलें, त्याच्या नांवानें हें कृत्य झालें, ह्याची लाज आम्हीं बाळगली पाहिजे. ती लपविणें म्हणजे दुसरा अपराध होय.

परंतु अस्थि जळाल्या तरी साक्ष जळाली नाहीं. क्लूसियस नांवाच्या वनस्पतिशास्त्रज्ञानें इ. स. १५६७ मध्येंच त्या ग्रंथाचा लॅटिन संक्षेप अँटवर्प येथें छापला होता, आणि तो युरोपभर वाचला गेला. आज पणजींत एका सार्वजनिक उद्यानास ओर्ता ह्यांचें नांव आहे. ज्या नगरींत त्यांच्या अस्थींस थारा मिळाला नाहीं, तिच्याच प्रदेशांत त्यांच्या नांवाचीं झाडें सावली देत आहेत.

विद्यार्थिमित्रहो, ओर्ता ह्यांस आपण भावी पिढीकरितां रानाचा नकाशा राखून ठेवीत आहों, अशी कल्पनाही नव्हती. त्यांनीं एवढेंच केलें कीं जें पाहिलें तें पाहिल्याप्रमाणें लिहिलें. तुम्हीही आपल्या घराच्या आवारांत, शाळेच्या वाटेवर, किंवा जुहूच्या किनाऱ्यावर जीं झाडें आहेत, त्यांचीं नांवें, ठिकाण व तारीख एका वहींत लिहून ठेवा. आणि घरांतील वडील माणसांस विचारून पूर्वीं तेथें काय होतें तेंही निराळें लिहा. आज तुम्हांस ती वही क्षुल्लक वाटेल. पण पुढें केव्हां तरी कोणी मूल आपल्या शिक्षकांस हाच प्रश्न विचारील, आणि त्या शिक्षकांस आमच्याप्रमाणें निरुत्तर होण्याची पाळी येणार नाहीं.