अगाथा ख्रिस्ती : स्मृतीतून निसटलेले अकरा दिवस

४ डिसेंबर १९२६ची सकाळ. इंग्लंडमधील सरे परगण्यात, गिल्डफर्डजवळच्या न्यूलँड्स कॉर्नर येथे उतारावर एक बेवारस मोटार आढळली. आत कपडे आणि मुदत संपलेला वाहनपरवाना होता. मोटार रहस्यकथालेखिका अगाथा ख्रिस्ती यांची होती. लेखिकेचा मात्र ठावठिकाणा नव्हता. वाचकांपुढे कोडी मांडणारी लेखिका स्वतःच एक कोडे होऊन बसली होती.

अगाथा यांचा जन्म १५ सप्टेंबर १८९० रोजी टॉर्की या समुद्रकाठच्या गावी झाला. बालपणीचे शिक्षण बहुतांशी घरीच झाले. १९१४ मध्ये आर्चिबाल्ड ख्रिस्ती या लष्करी अधिकाऱ्याशी त्यांचा विवाह झाला. पहिल्या महायुद्धात त्यांनी प्रथम परिचारिका म्हणून व नंतर औषधालयात काम केले. विषांचे ज्ञान त्यांना तेथेच मिळाले. १९२० मध्ये ‘द मिस्टीरियस अफेअर ॲट स्टाइल्स’ या पहिल्या कादंबरीतून हर्क्यूल प्वारो अवतरला.

१९२६ या वर्षाने कीर्ती आणि दुःख दोन्ही एकदमच पदरात टाकले. ‘द मर्डर ऑफ रॉजर ॲक्रॉइड’ने नाव सर्वतोमुखी झाले. पण त्याच वर्षी आई निवर्तली आणि पतीने दुसऱ्या स्त्रीवर प्रेम असल्याचे सांगून घटस्फोट मागितला. ३ डिसेंबरच्या रात्री अगाथा घरातून निघून गेल्या.

पोलीस व हजारो स्वयंसेवकांनी परिसर पिंजून काढला. शोधासाठी विमानेही वापरली गेली. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉइल यांनी तर अगाथा यांचा हातमोजा एका परलोकविद्यावाल्याकडे नेला. अखेर १४ डिसेंबरला यॉर्कशायरमधील हॅरोगेट येथील एका हॉटेलात त्या सापडल्या. तेथील नोंदवहीत त्यांनी पतीच्या प्रेयसीचे आडनाव लावले होते. दोन डॉक्टरांनी स्मृती गेल्याचे निदान केले; पण लोकांचा विश्वास बसला नाही. कुणी प्रसिद्धीचा बनाव म्हटले, तर कुणी पतीवर उगवलेला सूड. त्या काळी एमआरआयसारखे साधन नव्हते.

अचानक येणाऱ्या आणि ओसरून जाणाऱ्या विस्मरणाचा शास्त्रीय अभ्यास पुढे रुजला. १९५८ मध्ये फिशर व ॲडम्स या मेंदूतज्ज्ञांनी त्याच्या एका प्रकाराला ट्रान्झिएंट ग्लोबल ॲम्नेशिया हे नाव दिले. यात रुग्ण तेच तेच प्रश्न विचारत राहतो आणि नवे काही ध्यानात ठेवू शकत नाही. स्वतःची ओळख मात्र विसरत नाही. काही तासांत, फार तर चोवीस तासांत, तो पूर्ववत होतो. झटक्याच्या काळाची आठवण मात्र परतत नाही. एमआरआयच्या डिफ्यूजन तंत्राने या अनाकलनीय आजाराची खूण प्रथमच दाखविली. स्मृतीचे केंद्र असलेल्या हिपोकॅम्पसमध्ये अवघ्या काही मिलिमीटरचा ठिपका दिसतो. झटक्यानंतर एक ते तीन दिवसांत तो सर्वांत स्पष्ट असतो व पुढे बहुधा पुसला जातो. चित्रणाची वेळ चुकली, तर पुरावाही हरपतो.

अगाथा यांचा आजार मात्र या चौकटीत बसत नाही. हा झटका बहुतेकदा पन्नाशीनंतर येतो. त्या ३६ वर्षांच्या होत्या. शिवाय अकरा दिवस त्या परक्या नावाने वावरत होत्या. तीव्र मानसिक आघातानंतर माणूस आपली ओळख विसरून घराबाहेर पडतो, अशा अवस्थेशी त्यांची लक्षणे अधिक जुळतात. या अवस्थेत नेहमीच्या एमआरआयमध्ये बहुधा कोणताच दोष आढळत नाही. म्हणजे हॅरोगेटला यंत्र असते, तरी चित्र कदाचित निर्दोषच आले असते आणि टीकाकारांना आणखी एक शस्त्र मिळाले असते. वास्तविक निर्दोष चित्र म्हणजे खोटेपणाचा दाखला नव्हे. आघात खरा असूनही त्याचा डाग उमटत नाही, हेही याच अभ्यासाने शिकविले आहे. अगाथा यांचे नेमके काय झाले, याचा निवाडा आता कोणतेही यंत्र करू शकणार नाही.

१९२८ मध्ये घटस्फोट झाला. १९३० मध्ये पुरातत्त्वज्ञ मॅक्स मॅलोवन यांच्याशी विवाह करून त्यांनी नवा संसार मांडला. लेखणी पुढेही थांबली नाही. ६६ रहस्यकादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत. १९७१ मध्ये त्यांना डेम हा किताब मिळाला. योगायोग असा, की त्याच वर्षी लंडनमध्ये एका रुग्णाच्या मेंदूचे पहिले सीटी स्कॅन झाले. १२ जानेवारी १९७६ रोजी त्यांचे निधन झाले. पुढील वर्षी आत्मचरित्र प्रसिद्ध झाले, तेव्हा वाचकांनी उत्सुकतेने १९२६ची पाने उलटली. आईचा वियोग त्यात होता, मोडलेला संसार होता. त्या अकरा दिवसांविषयी मात्र एक अक्षरही नव्हते.