विहिरीतला रंग

परवा कपाट आवरताना लव्हक्राफ्टच्या कथांचा जुना संग्रह हाती लागला आणि आवरणं तिथंच राहिलं. आमच्या मुलीनं मुखपृष्ठ पाहिलं आणि विचारलं, मी वाचू का? मी पटकन हो म्हणू शकलो नाही.

कॉलेजात असताना मी तो रात्री जागून वाचला होता. आपल्या ऐकीव गोष्टींतल्या भुताला काहीतरी हवं असतं. ते दिलं की सुटका होते. इथं तशी सोयच नाही. एका कथेत शेतकऱ्याच्या विहिरीजवळ आकाशातून दगड पडतो. दगड विरून जातो, पण त्यातला नाव नसलेला रंग विहिरीत उतरतो. पुढच्या हंगामात फळं टपोरी धरतात, पण तोंडात घालवत नाहीत. मग झाडं, गुरं, माणसं राखाडी होऊन ढासळतात. चूक कोणाची? कोणाचीच नाही. त्या वर्षी आजोळच्या विहिरीत वाकून पाहायचं मी टाळलं होतं.

हॉवर्ड फिलिप्स लव्हक्राफ्ट २० ऑगस्ट १८९० रोजी अमेरिकेतल्या प्रॉव्हिडन्स शहरात जन्मला. तो तीन वर्षांचाही नव्हता, तोच वडिलांना मनोरुग्णालयात ठेवावं लागलं. १८९८ मध्ये ते तिथंच वारले. आजोबांच्या पुस्तकांत मुलगा रमला, पण १९०४ मध्ये आजोबाही गेले आणि राहतं घर सुटलं. प्रकृतीपायी शिक्षण अर्धवट राहिलं. पुढं आई त्याच रुग्णालयात दाखल झाली आणि १९२१ मध्ये वारली. विश्वाला माणसाची पर्वा नाही, हे त्याच्या कथांचं सूत्र मला आता वेगळं वाटतं.

१९२४ मध्ये सोनिया ग्रीनशी लग्न करून तो न्यूयॉर्कला गेला. नोकरी मिळाली नाही, संसार टिकला नाही. १९२६ मध्ये तो प्रॉव्हिडन्सला परतला. परक्या वंशांविषयीचा तिरस्कार त्याच्या पत्रांत आणि काही कथांतही उघड दिसतो. पत्नी युक्रेनमध्ये जन्मलेली ज्यू होती, तरीही! तरुणपणी मी ती पानं भराभर उलटली होती. या वेळी तिथं थांबलो आणि मन विटलं.

तरी हाच माणूस नवख्या लेखकांना लांबलचक पत्रं लिहून त्यांच्या कथा सुधारून देई. अशी हजारो पत्रं त्यानं लिहिली. पुढं ‘सायको’ कादंबरी लिहिणारा रॉबर्ट ब्लॉक त्यांतलाच एक. स्वतःच्या कथा मात्र स्वस्त मासिकांतच विखुरल्या. १५ मार्च १९३७ रोजी आतड्याच्या कर्करोगानं तो गेला, तेव्हा वय होतं अवघं ४६. आपलं लेखन फुकट गेलं, असंच त्याला वाटत असावं.

ते फुकट जाऊ दिलं नाही ऑगस्ट डर्लेथ आणि डोनाल्ड वान्ड्री या पत्रमित्रांनी. प्रकाशक मिळेना, तेव्हा त्यांनी ‘आर्कम हाउस’ ही प्रकाशनसंस्थाच काढली आणि १९३९ मध्ये त्याच्या कथांचा जाडजूड संग्रह छापला. प्रती १,२६८. त्याही खपायला काही वर्षं लागली. डर्लेथनं तर त्याला कधी प्रत्यक्ष पाहिलंही नव्हतं. माणसाची पर्वा असलेलं कुणीतरी होतं, एवढं खरं.

काल रात्री पुस्तक मुलीच्या उशाशी ठेवलं. ती पानं तिनं गाळू नयेत, असं मात्र सांगितलं. वाचून झाल्यावर त्यांविषयी आम्ही बोलणार आहोत.