सी भाषा बनवणाऱ्या डेनिस रिचींना त्यातला 'कॉन्स्ट' फारसा पटलाच नव्हता

इंजिनीअरिंगच्या पहिल्या वर्षाला ज्या सी भाषेने अनेकांना घाम फोडला, ती डेनिस रिचींनी बनवली.

जन्म १९४१ चा, न्यूयॉर्कजवळच्या ब्रॉन्क्सव्हिलचा. वडील बेल लॅब्समध्ये होते. डेनिस हार्वर्डला शिकले, पीएचडीचा प्रबंधही लिहिला, पण पदवी काही घेतली नाही. १९६७ मध्ये तेही बेल लॅब्समध्ये रुजू झाले. तिथे सी जन्मली आणि १९७३ मध्ये युनिक्स सीमध्ये लिहून झालं. १९८३ चा ट्युरिंग पुरस्कार रिची आणि केन थॉम्पसन यांना मिळाला.

पण या भाषेत एक गोची होती. फंक्शनला मजकूर द्यायचा म्हणजे त्याचा मेमरीतला पत्ता द्यायचा. पत्ता हातात आला की फंक्शन मजकूर नुसता वाचणार की बदलणार, हे बाहेरून कळायचं नाही. शेजाऱ्याला वही वाचायला दिली आणि त्याने खाडाखोड करून परत केली, असा प्रकार.

त्यावरचा उपाय म्हणजे 'कॉन्स्ट'. फंक्शनने आधीच जाहीर करायचं की या पत्त्यावरचं मी फक्त वाचणार. शब्द मोडायला गेलं की कंपायलर अडवतो. ही कल्पना बेल लॅब्समधल्याच ब्यार्न स्ट्रूस्ट्रुप यांची, म्हणजे सी प्लस प्लसवाल्यांची.

सीचं अधिकृत स्टँडर्ड ठरत असताना, १९८८ मध्ये, रिचींनी समितीला खरमरीत पत्र लिहिलं. 'नोएलियस' नावाचा नवा शब्द काढाच, असा त्यांचा हट्ट होता आणि तो निघालाही. 'कॉन्स्ट'बद्दल मात्र ते नुसते साशंक होते. शिकायचा त्रास जास्त, फायदा कमी, आणि लायब्ररीतच घातल्यामुळे टाळताही येत नाही, ही तक्रार. पण आता उशीर झालाय म्हणून तो काढा असं त्यांनी म्हटलं नाही.

शंका अगदीच पोकळ नव्हती. मजकुरात अक्षर शोधणारं 'एसटीआरसीएचआर' फंक्शन बघा. आत 'कॉन्स्ट' पत्ता घेतं आणि बाहेर साधा पत्ता देतं. पुढच्या दाराला कुलूप, मागचं दार सताड उघडं! जुना कोड मोडू नये म्हणून हे तसंच चालू राहिलं.

ऑक्टोबर २०११ मध्ये न्यू जर्सीतल्या राहत्या घरी रिची मृतावस्थेत सापडले. आठवडाभरापूर्वीच स्टीव्ह जॉब्स गेले होते, त्या गदारोळात ही बातमी दबली.

२०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सी२३ स्टँडर्डने ते मागचं दार लावलं. आता 'कॉन्स्ट' पत्ता दिला तर परतही 'कॉन्स्ट'च मिळतो.