रॉबर्ट हूक : पेशीला नाव देणारा शास्त्रज्ञ

सातवीला पेशीरचना शिकवताना मी कांद्याचा पापुद्रा सूक्ष्मदर्शकाखाली दाखवते. मागच्या वर्षी बघून झाल्यावर मुलांना आकृती काढायला सांगितली. बहुतेकांनी पुस्तकातली आकृती उतरवून काढली. केंद्रक, तंतुकणिका, गॉल्जी पिंड, सगळं नावांसकट! एका मुलीने मात्र विटांसारखे चौकोन काढले आणि प्रत्येकात एक ठिपका दिला. बस्स. मी तिचे दोन गुण कापले. आपल्याला एवढंच दिसलं, असं ती हळूच म्हणाली. त्या रात्री पुढच्या पाठाची तयारी करताना रॉबर्ट हूक यांचं चरित्र वाचलं आणि माझी चूक लक्षात आली. ती कशी, हे कळण्यासाठी आधी हूक यांची गोष्ट बघू या.

बालपण आणि शिक्षण

हूक यांचा जन्म १८ जुलै १६३५ रोजी इंग्लंडच्या दक्षिणेला असलेल्या आइल ऑफ वाइट बेटावर, फ्रेशवॉटर या गावी झाला. वडील चर्चमध्ये धर्मोपदेशक होते. रॉबर्ट लहानपणी सतत आजारी असायचा, डोकं दुखायचं. त्यामुळे घरच्यांनी त्याच्या अभ्यासाचा फारसा आग्रह धरला नाही. पण हात कधी रिकामे नसायचे. एकदा पितळी घड्याळ उघडलेलं बघितलं आणि त्याने तसंच लाकडाचं घड्याळ बनवलं. ते चाललंसुद्धा!

१६४८ मध्ये वडील वारले. १३ वर्षांचा रॉबर्ट लंडनला आला. काही दिवस पीटर लेली या चित्रकाराकडे राहिला, पण रंगांच्या वासाने डोकेदुखी वाढली. मग तो वेस्टमिन्स्टर शाळेत दाखल झाला. पुढे ऑक्सफर्डला त्यांनी रॉबर्ट बॉईल या शास्त्रज्ञांचे मदतनीस म्हणून काम केलं आणि त्यांच्यासाठी हवा काढून घेणारा पंप तयार केला. १६६२ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीने त्यांना प्रयोग करून दाखवण्याच्या कामावर नेमलं. सभासदांच्या बैठकांसाठी सतत नवनवे प्रयोग तयार ठेवायचे, असं ते काम होतं.

बुचाचा काप

त्या काळी वीज नव्हती. हूक तेलाच्या दिव्याचा प्रकाश पाण्याने भरलेल्या काचेच्या गोळ्यातून नेऊन वस्तूवर पाडत. १६६५ साली त्यांचे 'मायक्रोग्राफिया' हे पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात पिसू, माशीचे डोळे, बुरशी यांची मोठमोठी चित्रे आहेत. लहानपणापासूनची चित्रकला इथे कामी आली.

याच पुस्तकात बुचाचे निरीक्षण आहे. बूच म्हणजे एका प्रकारच्या ओक झाडाची साल. हूक यांनी धारदार चाकूने बुचाचा अगदी पातळ काप घेतला. तो पांढरट असल्याने काळ्या पट्टीवर ठेवला. त्यांना मधाच्या पोळ्यासारखे, भिंतींनी वेगळे केलेले कप्पे दिसले. या कप्प्यांना त्यांनी 'सेल' म्हटलं. लॅटिनमध्ये याचा मूळ अर्थ लहान खोली असा आहे. आपण त्यालाच पेशी म्हणतो.

हूक यांनी कप्पे मोजलेसुद्धा. एका इंचाच्या अठराव्या भागात साधारण ६० कप्पे. म्हणजे एका इंचात ६० × १८ = १०८०. मग एका चौरस इंचात ११ लाखांहून जास्त आणि एका घन इंचात १२० कोटींहून जास्त! मुलांनो, वहीत गुणाकार करून बघा.

बूच हलकं का, पाण्यावर का तरंगतं, दाबलं तर पुन्हा फुगतं का, याचं उत्तरही त्यांना या कप्प्यांतच सापडलं. कप्प्यांत हवा भरलेली असते. रचनेवरून कार्य ओळखायचं, हे पेशीच्या अभ्यासातलं पहिलं सूत्र इथेच दिसतं.

हूक यांना काय दिसलं नाही?

बुचातल्या पेशी मेलेल्या होत्या. हूक यांना दिसली ती फक्त पेशीभित्तिका, म्हणजे रिकाम्या खोलीच्या भिंती. हिरव्या वनस्पतींत त्यांना हे कप्पे रसाने भरलेले दिसले. पण सजीवाचं मूळ एकक तेच, हे त्यांना कळलं नव्हतं.

खोलीत कोण राहतं, हे कळायला खूप वर्षं लागली. १८३१ मध्ये रॉबर्ट ब्राऊन यांनी केंद्रक ओळखले. १८३८ मध्ये श्लायडेन यांनी वनस्पतींसाठी आणि १८३९ मध्ये श्वान यांनी प्राण्यांसाठी पेशी हाच शरीराचा पाया असल्याचे मांडले. प्राणीपेशीला पेशीभित्तिका नसते, फक्त पातळ प्रद्रव्यपटल असते. म्हणून हूक यांना दिसल्या तशा पक्क्या खोल्या आपल्या गालाच्या पेशींत दिसत नाहीत. वनस्पतीपेशीत भित्तिका आधार देते, हरितलवक अन्न तयार करते आणि मोठी रिक्तिका पाणी साठवते. केंद्रक आणि ऊर्जा देणारी तंतुकणिका मात्र दोन्हींत असतात.

पुढचं आयुष्य

१६६६ मध्ये लंडनला भीषण आग लागली. त्यानंतर जागा मोजून देण्याचं मोठं काम हूक यांनी केलं. स्प्रिंगच्या ताणाचा त्यांचा नियम आजही शिकवला जातो. लेवेनहूक यांनी पाण्यात सूक्ष्मजीव दिसल्याचं कळवलं, तेव्हा अनेकांना ते पटेना. १६७७ मध्ये हूक यांनी स्वतः प्रयोग करून ते सभासदांना दाखवलं. दुसऱ्याचा शोध खरा ठरवायलाही मन मोठं लागतं!

स्वभाव मात्र तापट होता. न्यूटन यांच्याशी त्यांचे कडाक्याचे वाद झाले. ३ मार्च १७०३ रोजी हूक वारले. त्यांचं म्हणून खात्रीने सांगता येईल असं एकही चित्र आज उपलब्ध नाही. त्यामुळे प्रकल्पासाठी इंटरनेटवरून त्यांचा फोटो चिकटवताना त्याखाली काल्पनिक चित्र असं जरूर लिहा.

शेवटी…

ज्याने अनेक गोष्टी काळजीपूर्वक बघितल्या आणि त्यांची चित्रं काढली, त्याचा चेहरा राहिला नाही. पण त्याने दिलेला शब्द प्रत्येक विज्ञानाच्या पुस्तकात राहिला. कारण त्याने जे दिसलं तेच काढलं.

दुसऱ्या दिवशी मी त्या मुलीचे दोन गुण परत दिले आणि का दिले, तेही वर्गाला सांगितलं. आमच्या शाळेच्या सूक्ष्मदर्शकातून तंतुकणिका दिसतच नाहीत. तिने काढलेले चौकोन म्हणजे पेशीभित्तिका आणि ठिपका म्हणजे केंद्रक. अगदी बरोबर!

करून पाहा : कांद्याच्या पापुद्र्यावर आयोडीनचा एक थेंब टाका आणि सूक्ष्मदर्शकाखाली बघा. आधी पुस्तक मिटून आकृती काढा. नंतर पुस्तक उघडून, आपल्याला काय दिसलं आणि काय दिसलं नाही, याची यादी करा.