१४६ अंशांचा माणूस

रेसिंग सिम्युलेटरपुढे लोक तीन-तीन स्क्रीन का लावतात? याचं उत्तर ब्रुकलिनच्या एका खटपट्या फोटोग्राफरनं सत्तर वर्षांपूर्वीच शोधून ठेवलंय. त्याचं नाव फ्रेड वॉलर.

स्टिअरिंग व्हील आलं, पेडल्स आले, टेबलाला क्लॅम्पही करून झाले. आता प्रश्न उरतो स्क्रीनचा. कुणी सांगतं अल्ट्रावाइड घे, कुणी म्हणतं ट्रिपल शिवाय मजा नाही, कुणी हॉलमधल्या टीव्हीलाच केबल जोडून मोकळं होतं. मग गेमच्या सेटिंगमध्ये एक स्लायडर दिसतो, फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजेच एफओव्ही. त्याचं काय करायचं हे नीटसं माहीत नसतं, त्यामुळे चित्र भारी दिसेपर्यंत तो सरकवायचा आणि रेस सुरू करायची, असंच बहुतेकांचं चालतं.

पण हा स्लायडर आवडीनिवडीचा नाही, मोजमापाचा आहे. डोळ्याला किती अंश चित्र दिसलं म्हणजे मेंदू त्याला खरं मानतो, या एकाच प्रश्नामागे एक माणूस वर्षानुवर्षं लागला होता. गंमत म्हणजे त्याच्या हयातीत व्हिडिओ गेम नावाचा धंदाही सुरू झाला नव्हता.

स्टुडिओतला पोरगा

फ्रेड वॉलरचा जन्म १० मार्च १८८६ चा, न्यूयॉर्कमधल्या ब्रुकलिनचा. वडील व्यावसायिक फोटोग्राफर. त्यामुळे कॅमेरा, काच आणि केमिकल्स यांच्यातच फ्रेडचं बालपण गेलं. पुढे तो सिनेमात आला आणि पॅरामाउंटसाठी स्पेशल इफेक्ट्सची कामं करू लागला. डोकं एका जागी थांबणारं नव्हतंच. १९२५ मध्ये त्यानं वॉटर स्कीचं पेटंट घेतलं. पाण्यावर स्की करण्याचा प्रयोग राल्फ सॅम्युएलसन नावाच्या तरुणानं तीन वर्षं आधीच केला होता, पण पेटंट मात्र वॉलरच्या नावावर लागलं.

तीसच्या दशकात तो पॅरामाउंटसाठी छोट्या संगीतपटांचं दिग्दर्शनही करत होता. कॅब कॅलोवेला घेऊन केलेली १९३४ ची फिल्म त्याचीच. ड्यूक एलिंग्टनसोबतची १९३५ ची 'सिम्फनी इन ब्लॅक' हीसुद्धा त्याचीच, आणि तिच्यात कोवळ्या वयातली बिली हॉलिडे गाताना दिसते. एवढ्यावर थांबला असता तरी सिनेमाच्या इतिहासात त्याला दोन ओळी मिळाल्या असत्या.

पण स्पेशल इफेक्ट्सच्या कामात एक गोष्ट त्याच्या डोक्यात घुसली होती. वाइड अँगल लेन्सनं घेतलेली दृश्यं जास्त खोल, जास्त खरी वाटतात. असं का व्हावं?

वेग कडेला असतो

त्या काळी साधारण समज असा, की खोली कळते ती दोन डोळ्यांमुळे. म्हणून थ्रीडी हवं तर दोन्ही डोळ्यांना वेगवेगळी चित्रं दाखवायची आणि प्रेक्षकाला चष्मा घालायला लावायचा. वॉलरला हे अर्धवट वाटलं. एक डोळा झाकला म्हणून आपण भिंतीवर जाऊन आदळत नाही. त्याचा निष्कर्ष असा निघाला, की जागेची आणि हालचालीची जाणीव मोठ्या प्रमाणात नजरेच्या कडांमधून येते. म्हणजे आपण थेट बघत नसतो, पण जे दिसत असतं, त्यातून.

हे पटवून घ्यायला लॅब नको. कल्याणहून मुरबाडमार्गे आलेली एसटी आमचं वैशाखरे सोडून माळशेजकडे निघाली की खिडकीची सीट पकडा. समोरचे डोंगर जागचे हलत नाहीत. रस्त्याकडेची झाडं मात्र सपासप मागे पळतात. गाडी किती जोरात चाललीय हे तुम्हाला डोंगर सांगत नाही, झाडं सांगतात. आता दोन्ही हात डोळ्यांच्या बाजूला धरून झाडं झाका. तीच एसटी एकदम संथ वाटायला लागेल.

माणसाची नजर दोन्ही डोळे मिळून आडवी १८० अंशांहून थोडी जास्तच पसरते. त्या काळातला सिनेमाचा पडदा यातला मधला छोटासा तुकडाच भरायचा. वॉलरला उरलेल्या कडा भरायच्या होत्या.

एकापेक्षा अनेक

एका प्रोजेक्टरनं हे जमणार नाही, हे त्याच्या लवकर लक्षात आलं. एकाहून जास्त दिवे जोडून चित्रात जीव आणायची कल्पना तशी नवी नव्हती. आपल्या ठाणे जिल्ह्यातच, कल्याणला, महादेव गोपाळ पटवर्धन आणि त्यांच्या मुलांनी १८९० च्या दशकात 'शांबरिक खरोलिका' नावाचे खेळ सुरू केले होते. रंगवलेल्या काचा आणि एकाच वेळी चालवलेले अनेक मॅजिक लँटर्न यांतून ते पडद्यावरच्या चित्रांना हालती करायचे. पटवर्धनांना चित्र हलवायचं होतं. वॉलरला हलत्या चित्रात प्रेक्षकाला बसवायचं होतं.

१९३९ च्या न्यूयॉर्क वर्ल्ड्स फेअरच्या तयारीच्या काळात त्यानं आर्किटेक्ट राल्फ वॉकरसोबत 'व्हिटारामा' नावाची यंत्रणा उभी केली. १६ मिलीमीटरचे अकरा प्रोजेक्टर आणि घुमटासारखा गोलाकार पडदा. अवाढव्य, महागडं आणि सांभाळायला महाकठीण प्रकरण. धंदा म्हणून ते चालण्यासारखं नव्हतं. पण तेवढ्यात दुसरं महायुद्ध सुरू झालं.

पहिला मोठा सिम्युलेटर

बॉम्बर विमानातल्या गनरची अडचण साधी पण जीवघेणी होती. शत्रूचं विमान समोर थांबून राहत नाही, ते कडेनं येतं आणि काही सेकंदांत निघून जातं. नेम विमानावर धरून चालत नाही, ते पुढे जिथे असेल तिथे धरावा लागतो. अंतर आणि वेग चुकीचे वाचले तर दुसरी संधी बहुधा मिळत नाही. आणि हे शिकवायचं कुठे? खऱ्या आकाशात सराव महाग होता आणि धोक्याचाही.

वॉलरनं अकराचे पाच प्रोजेक्टर केले. आकाशातून पाच कॅमेऱ्यांनी विमानांचं शूटिंग करायचं, ते गोलाकार पडद्यावर टाकायचं आणि शिकाऱ्यांना नकली बंदुकांमागे बसवायचं. नेम बरोबर लागला की कानातल्या हेडफोनमध्ये आवाज यायचा. हा वॉलर गनरी ट्रेनर. अमेरिकी सैन्यानं आणि ब्रिटिशांनीही तो वापरला.

आपल्या विषयाची खरी मेख इथेच आहे. सरावाच्या पडद्यावर विमान जेवढं मोठं आणि ज्या कोनात दिसतं, तेवढंच आणि त्याच कोनात ते खऱ्या आकाशात दिसायला हवं. नाहीतर पोरगा पडद्यावर पटाईत होईल आणि आकाशात चुकेल. चुकीच्या एफओव्हीवर केलेला सराव म्हणजे चुकीची सवय. तुमच्या-आमच्या रेसमध्ये गाडी फार तर भिंतीत जाते, पण गणित तेच.

पडदा उघडला

युद्ध संपल्यावर पाचाचे तीन झाले. लाँग आयलंडवरच्या ऑयस्टर बे इथं एका इनडोअर टेनिस कोर्टात वॉलर आपली नवी यंत्रणा लोकांना दाखवत राहिला. नाव ठेवलं 'सिनेरामा'. २७ मिलीमीटरच्या तीन लेन्स, तीन फिल्म, तीन प्रोजेक्टर आणि खोल वळणदार पडदा. चित्राचा कोन आडवा १४६ अंश, उभा ५५ अंश. हॅझर्ड रीव्ह्जनं सात चॅनलचा आवाज जोडला. बघणारे थक्क व्हायचे, पण पैसे घालायला मोठे स्टुडिओ पुढे येईनात. सुरुवातीचे बडे गुंतवणूकदारही मध्येच बाहेर पडले. अखेर प्रसिद्ध रेडिओ निवेदक लोवेल थॉमस सोबत आला आणि गाडी रुळावर आली.

३० सप्टेंबर १९५२. न्यूयॉर्कचं ब्रॉडवे थिएटर. 'धिस इज सिनेरामा'ची सुरुवात मुद्दाम जुन्या पद्धतीनं होते. लहान चौकोनी पडदा, ब्लॅक अँड व्हाइट, त्यावर लोवेल थॉमसचं लांबलचक भाषण. मग पडदे बाजूला सरकत जातात आणि प्रेक्षक थेट रोलर कोस्टरच्या पुढच्या सीटवर असतात. नाणेघाटाच्या अरुंद खिंडीतून दगडांत नजर अडकवून चढत यावं आणि वर पोचून मागे वळताच सगळं कोकण एकदम उघडावं, तसंच काहीसं. खुर्चीवर बसलेली माणसं वळणावर झुकत होती. चष्मा नाही, काही नाही. फक्त कडा भरल्या होत्या.

हा शो न्यूयॉर्कमध्ये दोन वर्षांहून जास्त चालला. हॉलिवूड खडबडून जागं झालं आणि १९५३ मध्ये 'द रोब'सोबत सिनेमास्कोप आलं. मोठ्या, रुंद पडद्याची शर्यत सुरू झाली ती इथून.

तीन दुखणी

सिनेरामाची दुखणी मात्र खरी होती, आणि ट्रिपल स्क्रीनवाल्यांना ती ओळखीची वाटतील.

पहिलं, सांधे. तीन चित्रं जुळतात तिथं रेघ दिसायची. ती पुसट करायला प्रोजेक्टरमध्ये भराभर हलणारे दातेरी पत्रे बसवले होते, तरी ती दिसायचीच. आपल्याकडे तिचं नाव बेझल.

दुसरं, उजेड. पडदा वळणदार असल्यामुळे एका बाजूचा प्रकाश दुसऱ्या बाजूवर पडून चित्र फिकं व्हायचं. म्हणून पडदा सलग न ठेवता शेकडो उभ्या पट्ट्यांचा केला.

तिसरं दुखणं सगळ्यात मोठं, जागा. १४६ अंशांचा हिशेब बरोबर बसायचा तो मधल्या मोजक्या खुर्च्यांना. कडेला बसलेल्याला क्षितिज सांध्यापाशी मोडलेलं दिसायचं. थिएटरमध्ये शेकडो प्रेक्षक आणि बरोबर कोनाच्या जागा थोड्याच, हा पेच वॉलरला सुटण्यासारखा नव्हता. रेसिंग सिम्युलेटरमध्ये तो आपोआप सुटतो, कारण इथे प्रेक्षक एकच आणि खुर्चीही एकच. वॉलरला हवं होतं ते थिएटर खऱ्या अर्थानं तुमच्या टेबलावर शक्य आहे.

२५ मार्च १९५४ ला या कामासाठी त्याला तांत्रिक विभागातलं ऑस्कर मिळालं. पुढच्या दोन महिन्यांत, १८ मे १९५४ ला, तो गेला. तीन फिल्मवाल्या सिनेरामाची खर्चिक पद्धत १९६२ च्या 'हाऊ द वेस्ट वॉज वन'च्या सुमारास संपली.

आता टेप घ्या

खरा एफओव्ही काढायला बारावीची त्रिकोणमिती पुरते. स्क्रीनच्या रुंदीचा अर्धा घ्या, त्याला डोळ्यापासून स्क्रीनपर्यंतच्या अंतरानं भागा, टॅन इन्व्हर्स काढा, दुप्पट करा. नेहमीचा २४ इंची मॉनिटर साधारण ५३ सेंटीमीटर रुंद असतो. तो ६० सेंटीमीटरवर असेल तर उत्तर ४८ अंश.

आता गंमत बघा. २७ इंची घेतला तर ४८ चे ५३ होतात. पाचच अंश, तेही पैसे मोजून. जुनाच २४ इंची ४५ सेंटीमीटरवर ओढला तर ६१ अंश, तेही फुकट. आणि हॉलमधला ५५ इंची टीव्ही दोन मीटरवरून बघितला तर फक्त ३४ अंश! म्हणून आधी अंतर कमी करा, मॉनिटर व्हीलच्या लगेच मागे आणा. नवीन स्क्रीनचा विचार त्यानंतर.

४८ अंशांच्या मॉनिटरवर स्लायडर ९० ला नेला तर? कडा भरपूर दिसतात, वेग भन्नाट वाटतो. पण समोरचं सगळं आक्रसतं. ५० मीटरवरचं वळण ११० मीटरच्या पुढे असल्यासारखं दिसतं. मग ब्रेक कधी मारायचा, याचा अंदाज दर वेळी हुकतो आणि दोष पेडल्सना दिला जातो. खरा आकडा लावलात तर पहिले काही दिवस गाडी संथ वाटेल आणि शेजारची गाडी दिसणार नाही. त्यासाठी डावी-उजवीकडे बघायची बटणं सेट करा. फार अडलं तर चार-पाच अंश वाढवा, पण बदल्यात काय देतोय हे माहीत असू द्या. आणि हो, असेट्टो कोर्सासारख्या काही गेममध्ये आकडा उभ्या कोनाचा मागतात, तर आयरेसिंगमध्ये आडव्याचा. याच २४ इंचीचा उभा कोन ६० सेंटीमीटरवरून २८ अंश येतो. दोन्हींची गल्लत करू नका.

ट्रिपल घेणार असाल तर बाजूच्या स्क्रीन एका रेषेत लावू नका, आपल्याकडे वळवा. गेममध्ये ट्रिपलचा वेगळा पर्याय असेल तर तोच निवडा, नाहीतर एकच सपाट चित्र ताणलं जातं आणि कडेच्या गाड्या रबरासारख्या लांबतात. ग्राफिक्स कार्डावर तिप्पट पिक्सेलचा भार येणार, हेही खर्चात धरा. व्हीआर हेडसेटमध्ये कोन आपोआप बरोबर बसतो, पण नजर साधारण शंभर अंशांच्या आसपासच राहते.

आणि शेवटचा हिशेब. २४ इंची तीन मॉनिटर, ६० सेंटीमीटर अंतर, प्रत्येकी ४८ अंश. बेरीज होते १४४. वॉलरच्या आकड्याहून दोनच अंश कमी.