सुभेदारांची पेन्शन आणि भिवाची पुस्तकं

विंचूरच्या मुलांना येवला काही लांब नाही. बाजाराला, लग्नाकार्याला, पैठणी बघायला येणं-जाणं असतंच. १३ ऑक्टोबर १९३५ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी तिथे धर्मांतराची घोषणा केली, हे इतिहासाच्या तासाला आपण शिकवतो. पण त्या सभेतल्या बाबासाहेबांमागे सुभेदार रामजी सकपाळ नावाचा एक बाप उभा होता, ते सांगायचं राहून जातं. पालकहो, आज त्या बापलेकांबद्दल.

भीमरावांचा जन्म १४ एप्रिल १८९१ चा, महूचा. आईवडिलांचं हे चौदावं अपत्य. घरी लाडाचं नाव भिवा. रामजी लष्करी शाळेत मुख्याध्यापक होते, म्हणजे आपल्याच पेशातले! पेन्शनीत निघाल्यावर कुटुंब साताऱ्याला आलं आणि तिथे आई भीमाबाई गेली. भिवा तेव्हा पाच-सहा वर्षांचा. पुढे आत्या मीराबाईंनी पोरांना सांभाळलं.

वडिलांनी दुसरं लग्न केलं, ते भिवाला मुळीच रुचलं नाही. सणावाराला सावत्र आई आपल्या आईचे दागिने घालते, हे त्याला सोसवत नसे. आईची उरलेली खूण म्हणजे तेच दागिने! मोठ्यांना ती घरातली एक वस्तू वाटते. रागाच्या भरात त्याने ठरवलं, बापाच्या पैशावर जगायचं नाही, मुंबईला गिरणीत काम करायचं. गाडीभाड्यासाठी आत्याच्या कमरेची पिशवी पळवली, तर आत निघाला अर्धा आणा. मग गिरणीचा नाद सोडून त्याने अभ्यासाचा ध्यास घेतला.

१९०१ मध्ये रामजी गोरेगावला खजिनदाराच्या नोकरीवर होते. सुट्टीत त्यांनी मुलांना बोलावून घेतलं. भिवा, त्याचा भाऊ आणि बहिणीची दोन मुलं नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे बूट, रेशीमकाठी धोतरं घालून मसूर स्टेशनवर उतरली. न्यायला कोणीच नाही! मुलांचं पत्र आलेलं होतं, पण नोकराने ते रामजींना दिलंच नाही. पुढे ती पोरं जात कळल्यावर गाडीवाल्यांनी नाकारलेली, रात्रभर पाण्यावाचून राहिलेली. हा प्रसंग आपल्याला माहीत आहे. त्या नव्या कपड्यांकडे मात्र आपलं लक्ष जात नाही. वडिलांना भेटायचं म्हणून केवढी हौस केली होती!

१९०४ च्या सुमारास सगळे मुंबईला परळच्या चाळीत आले. एकच खोली. तीत चूल, भांडी, सरपण, जातं आणि शेळीसुद्धा. एवढ्या जागेत अभ्यास कधी करायचा? रामजींनी तोड काढली. भिवाने लवकर झोपायचं. स्वतः रात्री दोनपर्यंत जागे राहायचे, दोनला त्याला उठवायचे आणि मगच अंग टाकायचे. पोरगा दिव्यापाशी पुस्तक उघडून बसायचा.

मुलाला पुस्तकांचं भारी वेड. शाळेची तर हवीतच, शिवाय इतर. पेन्शन ती केवढी! पण रामजी नाही म्हणत नसत. मुंबईत दिलेल्या धाकट्या लेकीकडे जाऊन पैसे मागायचे. तिच्याजवळ नसले तर थोरलीकडे. तिच्याकडेही नसले तर तिचा एखादा दागिना घेऊन मारवाड्याकडे गहाण ठेवायचे, आणि पेन्शन झाली की सोडवून परत नेऊन द्यायचे. आईच्या दागिन्यांवरून बापाशी मनातून भांडलेल्या मुलाची पुस्तकं अशी बहिणींच्या दागिन्यांवर आली. मला वाटतं, बहिणींचा हा वाटा आपण वर्गात कधीच सांगत नाही.

१९०७ ला भीमराव मॅट्रिक झाले, पुढे एल्फिन्स्टन कॉलेजातून पदवीधर. १९१३ च्या जानेवारीत बडोदा संस्थानच्या नोकरीवर रुजू झाले. तिथे जाणं रामजींना पसंत नव्हतं, तरी मुलगा गेला. थोड्याच दिवसांत तार आली, वडील अत्यवस्थ. ते लगेच निघाले. वाटेत सुरत स्टेशनवर वडिलांसाठी मिठाई घ्यायला उतरले आणि गाडी निघून गेली. एका मिठाईच्या पुड्यापायी दुसऱ्या दिवसापर्यंत खोळंबा झाला.

घरी पोचले तेव्हा रामजी वाटच बघत होते. बोलण्याची ताकद नव्हती. त्यांनी मुलाच्या पाठीवरून हात फिरवला आणि थोड्याच वेळात प्राण सोडला. तारीख २ फेब्रुवारी १९१३.

त्याच वर्षी भीमराव सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर अमेरिकेला, कोलंबिया विद्यापीठात गेले. मग लंडन. १९२३ मध्ये त्यांचा रुपयाच्या प्रश्नावरचा इंग्रजी ग्रंथ तिथे छापून आला. विषय चलनाचा, आकडेमोडीचा, पण अर्पणपत्रिका आईवडिलांच्या नावाची. आपल्या शिक्षणासाठी त्यांनी सोसलं, त्याबद्दलची कृतज्ञता तिथे नोंदवलेली आहे. पुढे दादरला त्यांनी राजगृह बांधलं, ते मुख्यतः पुस्तकं ठेवायला जागा हवी म्हणून.